डिसेबिलिटी पेन्शनचा दावा आणि वैद्यकीय कागदपत्रे : एक आढावा

हक्काचे स्वरूप

सैनिकी सेवेमुळे जडलेल्या किंवा त्या सेवेमुळे बळावलेल्या दुखापतीसाठी आणि आजारासाठी भारतीय सेनादलांतील जवानांना व अधिकाऱ्यांना अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते. रोजच्या बोलण्यात त्याला डिसेबिलिटी पेन्शन म्हणतात. भूदलाच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतील १७३ व्या नियमाने तिच्यासाठी दोन अटी घातल्या. अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे, आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के असावे. पुढच्या नियमावल्यांनीही हाच पाया ठेवला. शत्रूशी लढताना जखमी झालेल्यांसाठी वेगळी आणि वरच्या दराची युद्धजखम पेन्शन आहे.

डिसेबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात. एक सेवा घटक आणि दुसरा अपंगत्व घटक. सहाव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे २००६ पासून, १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या ग्राह्य वेतनाच्या ३० टक्के आणि त्याखाली त्या प्रमाणात, असा अपंगत्व घटकाचा हिशेब आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची सोय केली. ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यापुढे १०० धरावे, असे त्यात ठरले. ही सोय सुरुवातीला फक्त आजारपणामुळे सेवेतून काढलेल्यांना होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात ती मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्यांनाही लागू केली.

या हिशेबाने काय फरक पडतो ते एका उदाहरणावरून दिसते. समजा, जवानाचे शेवटचे ग्राह्य वेतन ४०,००० रुपये आहे. १०० टक्क्यांना १२,००० रुपये होतात. वैद्यकीय मंडळाने, म्हणजे मेडिकल बोर्डाने, २० टक्के अपंगत्व लिहिले तर ते ५० धरले जाते आणि दरमहा ६,००० रुपये मिळतात. मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्या त्याच जवानाला १५ टक्के लिहिले, तर अपंगत्व घटकापोटी काहीच मिळत नाही. तपासणीच्या कागदावरचा एक आकडा आणि त्याच्या शेजारच्या रकान्यातले ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर जन्मभराची रक्कम ठरते. त्यामुळे या दाव्याची खरी लढाई वैद्यकीय कागदपत्रांची असते, आणि ती पेन्शन नाकारल्याचे पत्र हाती पडण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

पुराव्याचा भार

या विषयातला कायदा मुळात सैनिकाच्या बाजूने झुकलेला आहे. १९८२ च्या पात्रता नियमांतील पाचवा नियम सांगतो की भरतीच्या वेळी ज्या दोषाची नोंद झाली नाही, तो दोष त्या वेळी नव्हता असे धरावे, आणि पुढे वैद्यकीय कारणावरून सेवेतून काढले गेल्यास प्रकृतीचा बिघाड सेवेमुळे झाला असे मानावे. नवव्या नियमानुसार पात्रता सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळावा. चौदाव्या नियमात अपवाद आहे. भरतीच्या तपासणीत हा आजार लक्षात येणे शक्यच नव्हते असे डॉक्टरांना वाटत असेल, तर त्यांनी तशी कारणे लिहून द्यायला हवीत.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात हे सगळे नियम एकत्र वाचले. सैनिकाला झटक्यांचा आजार होता, भरतीच्या वेळी त्याची नोंद नव्हती आणि मंडळाने कारण न देताच ‘सेवेशी संबंध नाही’ असे लिहिले होते. असे कारणाविना दिलेले मत ग्राह्य धरता येणार नाही, असा निकाल लागला. २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालाने पुढची पायरी गाठली. अपंगत्वामुळे ज्याला सेवेतूनच काढले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी असू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१५ च्या राजबीर सिंग निकालाने धरमवीर सिंग प्रकरणातील तत्त्व पक्के केले.

१ जानेवारी २००८ पासूनच्या पात्रता नियमांनी मात्र या संरक्षणाला एक मर्यादा घातली. दावेदाराला सहसा पुरावा मागू नये हे तत्त्व त्यांतही आहे, पण सेवा सोडल्यावर १५ वर्षांनंतर, म्हणजे सेवेचे दस्तऐवज विहित मुदतीनंतर नष्ट झाल्यावर, दावा केला तर पुराव्याचा भार दावेदारावर येतो. निवृत्तिवेतन न मिळता सेवेबाहेर पडलेल्यांचे दस्तऐवज भूदलाच्या नियमांनुसार २५ वर्षांनी नष्ट करता येतात. म्हणजे कायद्याने दिलेला झुकता कौल कागद शिल्लक असेपर्यंतच खऱ्या अर्थाने उपयोगाचा आहे. ज्याच्या घरी प्रती आहेत, त्याचा दावा उशिराही उभा राहतो.

सेवेत तयार होणारे कागद

पहिला कागद भरतीच्या दिवशीच तयार होतो. प्राथमिक वैद्यकीय तपासणीचा हा फॉर्म एएफएमएसएफ-२ या क्रमांकाने ओळखला जातो. उंची, वजन, छाती, दृष्टी, श्रवण आणि आधीच्या आजारांचा इतिहास त्यात असतो. त्यातल्या कोऱ्या रकान्यांनाही मोल आहे. जो आजार तिथे लिहिलेला नाही, तो भरतीच्या वेळी नव्हता असे गृहीत धरायला हाच कागद आधार देतो.

त्यानंतर युनिटच्या एमआय रूममधल्या, म्हणजे वैद्यकीय तपासणी कक्षातल्या, नोंदी येतात. पाठ दुखते, कानात शिट्टी वाजल्यासारखे होते, गुडघा सुजतो अशा तक्रारी पहिल्यांदा तिथेच केल्या जातात. अनेक जवान दुखणे अंगावर काढतात. सिक रिपोर्ट केला की कामचुकार ठरू, प्रमोशन जाईल, कोर्स हुकेल ही भीती त्यामागे असते. ती भीती समजण्यासारखी आहे, पण नोंद न झालेले दुखणे पुढे बोर्डासमोर सिद्ध करणे फार अवघड जाते. वार्षिक तपासणीच्या नोंदीही तितक्याच कामाच्या असतात. रक्तदाब, वजन आणि साखर यांचे वर्षावर्षाचे आकडे ओळीने ठेवले की बिघाड कोणत्या पोस्टिंगनंतर सुरू झाला ते स्पष्ट दिसते.

आजार ठरला की वैद्यकीय श्रेणी बदलते. सेनादलांत ती शेप या पाच अंगांच्या पद्धतीने लिहितात. मानसिक क्षमता, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी ही ती पाच अंगे. पूर्ण तंदुरुस्त सैनिक शेप-१ असतो. त्याखाली आला की तो लो मेडिकल कॅटेगरीत गेला असे म्हणतात. श्रेणी ठरवणाऱ्या किंवा बदलणाऱ्या प्रत्येक मंडळाची कार्यवाही एएफएमएसएफ-१५ या फॉर्मवर होते. ही सगळी मंडळे मिळून आजाराचा अधिकृत प्रवास दाखवतात. त्यांत एक जरी गहाळ असेल, तर ‘मधल्या काळात त्रास नव्हता’ असा अर्थ काढायला वाव राहतो.

दुखापतीसाठी आयएएफवाय-२००६ हा इंजुरी रिपोर्ट निर्णायक असतो. दुखापत कशी झाली, त्या वेळी सैनिक ड्युटीवर होता का, दोष कोणाचा, याचे उत्तर त्यात असते आणि कमांडिंग ऑफिसर आपले मत नोंदवतो. गंभीर प्रकरणात कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते. तिची साक्ष आणि निष्कर्ष हेही दाव्याचे कागद आहेत. सुट्टी, पोस्टिंग, हॉस्पिटलमध्ये भरती अशा घटना पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध होतात. तारखांबद्दल वाद निघाला तर हा तटस्थ पुरावा ठरतो.

मेडिकल बोर्डाचा कागद

सेवेच्या शेवटी होणाऱ्या मंडळाची कार्यवाही एएफएमएसएफ-१६ वर लिहिली जाते. आजारपणामुळे सेवेतून काढताना इनव्हॅलिडिंग बोर्ड बसते, ज्याला जवान बोर्ड आऊट होणे म्हणतात. लो मेडिकल कॅटेगरीतच मुदत पुरी होत असेल तर निवृत्तीपूर्वी रिलीज बोर्ड होते. डिसेबिलिटी पेन्शनचा जवळजवळ सगळा वाद या एका फॉर्मभोवती फिरतो, म्हणून त्याचे रकाने नीट पाहिले पाहिजेत.

आरंभी सैनिकाचे स्वतःचे निवेदन असते. कुठे कुठे सेवा केली, आजार कधी आणि कुठे सुरू झाला, भरतीपूर्वी तो होता का, सेवेतल्या कोणत्या घटनेमुळे तो झाला असे वाटते, हे प्रश्न त्यात असतात. बरेच जवान हा भाग घाईत, लिपिकाने सांगितले तसा भरतात आणि ‘माहीत नाही’ लिहून सही करतात. इथे सियाचीनमधील सहा महिने, तोफखान्यातली दहा वर्षे किंवा गस्तीवर घसरून पडलेला दिवस लिहायचा राहिला, तर पुढच्या रकान्यात मंडळाला विचारात घ्यायला काही उरत नाही.

त्यानंतर कमांडिंग ऑफिसरचे निवेदन येते. सैनिकाच्या कामाचे स्वरूप आणि ताण याची माहिती युनिटकडून तिथे दिली जाते. शेवटी मंडळाचे मत लिहिले जाते. प्रत्येक अपंगत्वापुढे सेवेमुळे उद्भवले का, सेवेमुळे वाढले का, आणि नसेल तर का नाही, असे रकाने असतात. त्यांतच टक्केवारी आणि तिची मुदत लिहिली जाते. एकापेक्षा अधिक अपंगत्वे असतील तर एकत्रित टक्केवारी दिली जाते. ती साध्या बेरजेपेक्षा वेगळी असू शकते.

आजार सुरू झाल्याची तारीख आणि ठिकाण हा या फॉर्ममधला सगळ्यात फसवा रकाना आहे. तिथे बहुधा निदान पहिल्यांदा कुठे झाले ते लिहिले जाते. डोंगरी किंवा दहशतवादविरोधी मोहिमेतली पोस्टिंग संपवून जवान शांत छावणीत येतो, तिथे त्याला तपासणीची सवड मिळते, आणि रक्तदाब किंवा साखर सापडते. मग रकान्यात शांत छावणीचे नाव येते आणि ‘पीस स्टेशनला सुरुवात, म्हणून सेवेशी संबंध नाही’ असा निष्कर्ष निघतो. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका निवृत्त सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात हा तर्क नाकारला. शांत ठिकाणी निदान झाले एवढ्यावर पेन्शन नाकारता येत नाही, आजार कशामुळे झाला हे मंडळाने दाखवले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही आधीच्या पोस्टिंगचा तारखांसह तक्ता निवेदनाला जोडलेला असेल, तर हा वाद न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ टळू शकते.

आजारानुसार लागणारा पुरावा

सेनादलांच्या डॉक्टरांसाठी ‘गाइड टू मेडिकल ऑफिसर्स’ नावाची मार्गदर्शिका आहे. तिची २००२ ची आवृत्ती २००८ मध्ये सुधारली आणि २०२३ मध्ये नवी आवृत्ती आली. कोणत्या आजाराचा सेवेशी संबंध कसा तपासावा आणि टक्केवारी किती द्यावी, याची दिशा तिच्यात असते. मंडळ कोणत्या पुराव्याकडे पाहणार, हे या पुस्तिकेवरूनच कळते.

हृदयविकारात २००८ च्या मार्गदर्शिकेने झटक्याच्या आधीच्या १४ दिवसांतल्या कामाचा तपशील पाहायला सांगितले. त्या पंधरवड्यात रात्रीची गस्त, लांब पल्ल्याची कूच, मोहीम, असाधारण मानसिक ताण यांपैकी काही होते का, ते युनिटने लिहून द्यायचे असते. ‘नेहमीची ड्युटी’ एवढा शेरा आला की दावा कमजोर होतो. म्हणून त्या दिवसांच्या ड्युटी रोस्टरची किंवा मोहिमेच्या आदेशाची नोंद लगेच मिळवणे महत्त्वाचे असते. सहा महिन्यांनी युनिट दुसरीकडे हललेले असते आणि तेव्हाचा अधिकारीही बदललेला असतो.

उच्च रक्तदाबात सेवेचे ठिकाण पाहिले जाते. फील्ड एरिया, अतिउंचीचा प्रदेश, दहशतवादविरोधी मोहीम आणि नौदलात जहाजावरची दीर्घ सेवा यांना मार्गदर्शिका वजन देते. इथे पोस्टिंगचा तक्ता आणि वार्षिक तपासणीचे आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

श्रवणदोषात ऑडिओग्राम हा मुख्य पुरावा असतो. मोठ्या आवाजामुळे झालेल्या दोषात आलेख बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खाली खचलेला दिसतो, तर वयोमानाच्या दोषात तो वरच्या स्वरांकडे हळूहळू उतरत जातो. तोफखाना, रणगाडे, इंजिन रूम किंवा फायरिंग रेंजवरची सेवा दाखवणारी ट्रेडची नोंद आणि वर्षांच्या अंतराने काढलेले दोन-तीन ऑडिओग्राम एकत्र असले की कारण आणि परिणाम दोन्ही समोर येतात. निवृत्तीच्या वेळचा एकच ऑडिओग्राम फक्त परिणाम दाखवतो.

पाठीचे मणके, गुडघे आणि खांदे यांच्या दुखण्यात एमआरआयच्या अहवालाबरोबर मूळ घटनेची नोंद शोधावी लागते. पॅराशूट उडी, अडथळ्यांचा सराव किंवा गाडीचा अपघात यांची इंजुरी रिपोर्टमधली ओळ आणि नंतरच्या तपासणीतले निदान यांत अनेक वर्षांचे अंतर असेल, तर मधल्या एमआय रूमच्या चिठ्ठ्या आणि फिजिओथेरपीची कार्डे ते अंतर भरून काढतात.

मानसिक आजारांत कागद सर्वांत तोकडे असतात. भरतीपूर्वीच्या आयुष्याबद्दल रुग्णाने किंवा नातेवाइकांनी पहिल्या भेटीत जे सांगितले, ते केस शीटमध्ये कायम राहते आणि मंडळ त्यावरच बोट ठेवते. २०१३ च्या वीर पाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजाराबद्दलचे मंडळाचे मत अंतिम मानायला नकार देऊन पुनर्तपासणीचा आदेश दिला. या दाव्यात तज्ज्ञाचे अहवाल, युनिटने दिलेले वर्तनाचे अहवाल आणि आजारापूर्वीची निष्कलंक सेवा दाखवणारी कागदपत्रे, म्हणजे प्रमोशन, पदके आणि कोर्सची प्रमाणपत्रे, तिन्ही लागतात.

सुट्टीतल्या अपघातांत वैद्यकीय कागदाइतकाच प्रवासाचा कागद महत्त्वाचा ठरतो. १९९९ च्या मदन सिंग शेखावत निकालात सुट्टीवर घरी जाताना रेल्वेतून उतरताना झालेला अपघात ड्युटीवरचा मानला गेला. पण २०११ च्या जुझार सिंग प्रकरणात वार्षिक रजेवर असताना झालेला स्कूटरचा अपघात आणि २०१२ च्या तलविंदर सिंग प्रकरणात रजेत विटी लागून झालेली दुखापत यांचा सेवेशी संबंध नाही, असे न्यायालयाने ठरवले. तिकीट, रेल्वे वॉरंट, रजेचे प्रमाणपत्र, पोलीस पंचनामा आणि ज्या नागरी रुग्णालयात पहिले उपचार झाले तिथला केस पेपर हे सगळे अशा दाव्यात हवे असतात.

कागद कुठे असतात

जवानाचे सेवादस्तऐवज त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. महाराष्ट्रातल्या सैनिकांच्या दृष्टीने मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगाव, बॉम्बे सॅपर्सचे खडकी, तोफखान्याचे नाशिक रोड, चिलखती दल आणि मेकनाइज्ड इन्फन्ट्रीचे अहिल्यानगर आणि महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर ही कार्यालये महत्त्वाची आहेत. नौसैनिकांच्या नोंदी आणि पेन्शनचे काम मुंबईत मानखुर्दला आहे, तर वायुसैनिकांचे रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत आहे. जवानांच्या पेन्शनची मंजुरी प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून होते, आणि आता पेन्शनचे व्यवहार स्पर्श या ऑनलाइन प्रणालीवर चालतात.

उपचारांची केस शीट जिथे उपचार झाले त्या लष्करी रुग्णालयात असते. पुण्याचे दक्षिण कमांडचे रुग्णालय, खडकीचे लष्करी रुग्णालय, मुंबईतील आयएनएचएस अश्विनी आणि पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र अशा ठिकाणांहून त्या वेळच्या डिस्चार्ज स्लिप, शस्त्रक्रियेच्या नोंदी आणि तपासण्यांचे अहवाल मिळवायचे असतात. रुग्णालये जुनी केस शीट ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळे ही मागणी लवकर करावी लागते.

नागरी रुग्णालयांसाठी २००२ चे वैद्यकीय आचारसंहितेचे विनियम उपयोगी पडतात. आंतररुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने तीन वर्षे जपावीत आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत द्यावीत, असे ते सांगतात. रजेत गावच्या दवाखान्यात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात झालेल्या उपचारांचे कागद या तीन वर्षांच्या आत मिळवून ठेवावे लागतात.

स्वतःचे कागद मागण्याचा सोपा मार्ग म्हणजे माहितीचा अधिकार. १० रुपये शुल्कासह रेकॉर्ड ऑफिसच्या किंवा रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज केला की ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. ‘माझी सर्व वैद्यकीय कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम लिहिले की मोघमच उत्तर येते. आर्मी नंबर, सेवाकाळ आणि युनिटची नावे देऊन एएफएमएसएफ-२, सर्व एएफएमएसएफ-१५, अंतिम एएफएमएसएफ-१६, आयएएफवाय-२००६, कोर्ट ऑफ इन्क्वायरीची कार्यवाही आणि पेन्शन नाकारण्याच्या निर्णयाची टिपणी अशी यादी लिहिली तर पूर्ण संच मिळण्याची शक्यता वाढते. कागद नष्ट झाला असे उत्तर आले तर तेही जपून ठेवावे, कारण कागद का नाही याचा तोच पुरावा असतो.

फाइलची मांडणी

चांगली फाइल तारखेच्या क्रमाने लावलेली असते. पहिल्या पानावर एक कालपट असतो. त्यात दर ओळीला तारीख, ठिकाण व पोस्टिंग, घटना किंवा तक्रार, निदान आणि त्या ओळीला आधार देणाऱ्या कागदाचा पान क्रमांक लिहिलेला असतो. अशी ओळ वाचणाऱ्याला एका नजरेत काय सांगते, ते या नमुन्यात दिसते : ‘मार्च २००९, उत्तर काश्मीर, फील्ड, रात्रीच्या गस्तीत उतारावरून घसरून डावा गुडघा मुरगळला, इंजुरी रिपोर्ट, पान ७, एमआय रूमची नोंद, पान ८, एप्रिल २०११ चा एमआरआय, पान १४.’ अशा दहा-पंधरा ओळी मंडळासमोर किंवा अपील समितीसमोर आजाराची पूर्ण कहाणी मांडतात.

मूळ कागद कुणाकडेही देऊ नयेत. प्रती साक्षांकित कराव्यात, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवाव्यात. एक्स-रेची फिल्म जुनी झाली की धूसर होते, म्हणून तिचा लेखी अहवाल आणि डिजिटल प्रत वेगळी ठेवावी. हाताने लिहिलेल्या आणि वाचता न येणाऱ्या नोंदींचा स्वच्छ मजकूर जोडावा, पण मूळ प्रतीवर एकही खूण करू नये. खाडाखोड किंवा नंतर भरलेली ओळ दिसली की खऱ्या दाव्यावरही संशय येतो.

सगळ्या कागदांत एकच कहाणी दिसायला हवी. निवेदनात दुखापत २००९ ची आणि रुग्णालयाच्या केस शीटमध्ये ‘गेल्या महिन्यापासून त्रास’ अशी नोंद असेल, तर त्या विसंगतीचे स्पष्टीकरण आधीच द्यावे लागते. तज्ज्ञ डॉक्टरचे नवे मत घ्यायचे असेल, तर त्याला फक्त आजची तपासणी दाखवून भागत नाही. त्याने जुने अहवाल वाचून, त्यांचा उल्लेख करून, सेवेतली कोणती परिस्थिती या आजाराला कशी कारणीभूत ठरली ते लिहिले तरच त्या मताला वजन येते.

निवृत्तीनंतर प्रकट झालेल्या आजारांसाठी वेगळी वाट आहे. २००८ च्या नियमांनी सेवा सोडल्यावर १० वर्षांच्या आत दिसलेल्या आजाराचा दावा विचारात घ्यायला मुभा दिली. मात्र तो सेवाकाळात सुरू झालेल्या प्रक्रियेचा उशिरा दिसलेला परिणाम आहे, हे वैद्यकीयदृष्ट्या दाखवावे लागते. इथे सेवाकाळातले वार्षिक तपासणीचे आकडे आणि निवृत्तीनंतरचे उपचारांचे कागद, विशेषतः माजी सैनिक आरोग्य योजनेतील नोंदी, यांची साखळी अखंड असावी लागते.

नाकारल्यानंतरचा मार्ग

दावा नाकारल्याचे पत्र आले की सहा महिन्यांत पहिले अपील करता येते. तेही फेटाळले गेल्यास पुन्हा सहा महिन्यांत संरक्षण मंत्रालयाच्या पातळीवरच्या समितीकडे दुसरे अपील जाते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून काम करते आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.

अपिलात भावनेपेक्षा कागदावर बोट ठेवणे उपयोगाचे ठरते. मंडळाने ‘सेवेशी संबंध नाही’ लिहिताना कारण दिले आहे का, भरतीच्या कागदावर आजाराची नोंद आहे का, टक्केवारी मार्गदर्शिकेच्या चौकटीत बसते का, हे तीन प्रश्न प्रत्येक फाइलला लावता येतात. मंडळाने मान्य केलेली पेन्शन पुढच्या कार्यालयात कापली गेली असेल, तर १९९३ चा मोहिंदर सिंग निकाल हाताशी आहे. ज्या मंडळाने सैनिकाला प्रत्यक्ष तपासले त्याचे मत, त्याला न तपासता केवळ फाइल पाहून लेखा कार्यालयाने फिरवणे त्यात अमान्य ठरले.

उशीर झाला म्हणून हक्क संपत नाही. २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार पेन्शन नाकारणे हा दर महिन्याला चालू राहणारा अन्याय आहे, मात्र थकबाकी सामान्यतः दावा दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे वीस वर्षे थांबलेल्या सैनिकाला पेन्शन मिळाली, तरी सतरा वर्षांची रक्कम बुडते. अर्ज लिहिण्यासाठी आणि कागद मागवण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू करून सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मोफत कायदेशीर मदतीची सोय केली.

२०२३ चे नियम आणि वाद

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम आणि नवी मार्गदर्शिका लागू झाली. मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत अपंगत्व घटकाची जागा आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ या मदतीने घेतली आहे. जुन्या निवृत्तांचे हक्क आधीच्याच नियमांनी ठरतात. त्यामुळे फाइल उघडताच पहिल्यांदा निवृत्तीची तारीख पाहावी लागते, कारण कोणते नियम लागू आणि कोणती मार्गदर्शिका मंडळासमोर होती, ते त्यावरून ठरते.

या बदलामागे महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाची चर्चा होती. २०१५-१६ ते २०१९-२० या काळात निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांना, तर अधिकाऱ्यांखालच्या पदांवरील १५ ते १८ टक्क्यांना अपंगत्वाशी संबंधित पेन्शन मंजूर झाली, असे त्यात नोंदवले होते. माजी सैनिकांच्या संघटनांनी नव्या नियमांवर आक्षेप घेतला, तर सरकारने खरे अपंग असलेल्यांचे हक्क अबाधित असल्याचे सांगितले.

त्या वादात एक बाब मागे पडली. बर्फात, तोफेमागे, रणगाड्यात आणि गस्तीवर शरीर झिजवतो तो प्रामुख्याने जवान, तरी त्याच्या वाट्याला हा हक्क अधिकाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी प्रमाणात आला. अधिकारी जास्त वयाला निवृत्त होतात, हा या फरकाचा एक भाग आहे. नियम वाचता येणे, फॉर्ममधले निवेदन नीट लिहिता येणे, प्रत मागण्याचे धाडस असणे आणि कागद जपण्याची सवय असणे, हा दुसरा भाग आहे आणि तो बदलता येण्याजोगा आहे.

त्यासाठी युनिटने आणि कुटुंबाने करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. दुखापत झाली त्याच आठवड्यात इंजुरी रिपोर्ट तयार व्हावा आणि त्याची प्रत जवानाला मिळावी. प्रत्येक मेडिकल बोर्डानंतर कार्यवाहीची प्रत मागून घ्यावी. रिलीज बोर्डाच्या आधी पोस्टिंगचा तक्ता आणि आजाराचा कालपट तयार असावा, आणि निवेदन जवानाला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय त्याची सही घेऊ नये. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, जिथे ठेवतात, तिथेच वैद्यकीय फाइलही असावी आणि ती कुठे आहे हे घरातल्यांना माहीत असावे. जवान हयात नसला तरी थकलेल्या रकमेचा आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा दावा त्याच्या पत्नीला किंवा आईवडिलांना करावा लागतो, आणि त्या वेळी त्यांच्या हातात याच कागदांपलीकडे दुसरा आधार नसतो.